फ्लॅट भाड्याचा, हिरवळ आपली!

फिशटँक म्हटलं की सगळे मासे बघतात. पण टँकच्या पुढच्या भागात, काचेला लागून मऊशार हिरवळ उगवली तर? शिफ्टची ड्युटी, अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट आणि कोकणातला उकाडा सांभाळून ती कशी उगवायची, त्याचा हा फंडा.

न्हावा शेव्याला नोकरी करणाऱ्या माणसाला दिवसभरात हिरवं काय दिसतं? सांगतो. एव्हरग्रीनचे कंटेनर! बाकी मग धूळ, ट्रेलरच्या रांगा, सीएफएसच्या पत्र्याच्या शेड आणि कॉम्प्युटरचा स्क्रीन. १९८९ साली हे बंदर सुरू झालं. तेव्हापासून इथे जगभरातून काय काय येतं आणि दोन दिवसांत पुढे निघून जातं. इथे राहणाऱ्या आम्हा मंडळींचंही तसंच. कुणी नांदेडचा, कुणी सांगलीचा, कुणी चिपळूणचा. नोकरी शिपिंग लाइनमध्ये, फॉरवर्डरकडे नाहीतर कस्टम्स ब्रोकरच्या ऑफिसात. राहायला उरण, द्रोणागिरी किंवा उलवे. फ्लॅट भाड्याचा.

मी स्वतः कस्टम्स ब्रोकरच्या ऑफिसात आहे. दिवसभर बिल ऑफ एन्ट्री, संध्याकाळी पार्टीचे फोन. द्रोणागिरीतल्या माझ्या बाल्कनीत वॉशिंग मशीन ठेवलं की तुळशीला जागा शोधावी लागते. तेव्हा बाग करायची हौस असेल तर ती पाण्याखालीच करायची, हे मी पाच वर्षांपूर्वी ठरवलं. दोन फूट बाय एक फूट बाय एक फुटाची काचेची पेटी, त्यात काळे दगड आणि समोर हिरवळ. एवढीच माझी इस्टेट. आता ऑफिसातली निम्मी पोरं विचारतात, ‘बॉस, कुठलं झाड लावू?’ त्या सगळ्यांना एकदाच उत्तर देऊन टाकतो.

पुढच्या रांगेतली मंडळी

प्लांटेड टँकचा हिशेब शाळेच्या ग्रुप फोटोसारखा असतो. उंच मुलं मागे, मधली मध्ये आणि बुटकी पुढे. या पुढच्या बुटक्यांना ‘फोरग्राउंड प्लांट्स’ म्हणतात. साधारण पाच-सात सेंटिमीटरच्या वर न जाणारी आणि शक्यतो आडवी पसरणारी. ती नीट पसरली की तळाला गालिचा तयार होतो. हौशी लोक त्याला ‘कार्पेट’ म्हणतात.

ही फॅशन जगभर पोहोचवली ती जपानच्या ताकाशी अमानो यांनी. फोटोग्राफर आणि अ‍ॅक्वेरियम डिझायनर. मोजके दगड आणि तळाला एकसंध हिरवळ, अशी ‘इवागुमी’ मांडणी त्यांनी रूढ केली. पाण्यावर तरंगणारं रिशिया दगडाला बांधून तळाशी बसवायची आयडियाही त्यांनीच लोकप्रिय केली. २०१५ साली ते गेले. त्याच वर्षी लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांनी उभारलेला ४० मीटर लांबीचा टँक लोकांसाठी खुला झाला होता. आपल्याला लिस्बन नको. टीव्हीच्या शेजारी दोन फूट जागा पुरे.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मागची उंच झाडं पृष्ठभागाकडे वाढत जातात, त्यांना आपोआप जास्त उजेड मिळतो. पुढची बुटकी तळाशीच राहतात, म्हणजे दिव्यापासून सगळ्यात लांब. त्यांना उजेड कमी पडला की ती पसरायची सोडून उजेडाच्या ओढीने उभी, लुकडी होतात. म्हणून सगळा खेळ पुढच्या रांगेचा. आणि म्हणून टँक घेताना उंची एक-सव्वा फुटाच्या वर नको. दीड-दोन फूट उंच टँक दुकानात भारी दिसतो, पण तळाशी उजेड पोहोचवता पोहोचवता खिसा रिकामा होतो.

झाड नंतर, आधी तुम्ही

लोक नेटवर फोटो बघून झाड निवडतात. मी म्हणतो, आधी स्वतःला तीन प्रश्न विचारा.

पहिला : आठवड्यात टँकला किती वेळ देणार? दिवसाला दहा मिनिटं आणि रविवारी एक तास, की रविवारी जेमतेम अर्धा तास?

दुसरा : या घरात किती दिवस आहात? अकरा महिन्यांनी मालक भाडं वाढवणार असेल तर वर्षभर रांगणारं झाड घेऊन काय करणार?

तिसरा : पाणी कुठलं? उरणला रानसई धरणाचं पाणी येतं, सिडकोच्या द्रोणागिरी-उलव्याला हेटवण्याचं. धरणात साठलेलं सह्याद्रीतल्या पावसाचं पाणी सहसा मऊ असतं आणि बहुतेक कार्पेटवाल्या झाडांना ते मानवतं. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर गोष्ट वेगळी. समुद्राजवळच्या बोअरला कडकपणा आणि खारटपणा दोन्ही असू शकतात. हार्डनेस मोजायचं छोटं किट मिळतं. एकदा मोजा आणि मगच खरेदीला निघा.

ओळख परेड

आता मंडळींची ओळख. सोप्याकडून कठीणकडे जाऊ.

बिनतक्रारवाले : अ‍ॅनुबियास ‘नाना पेटिट’ आणि जावा मॉस. ही जमिनीत लावायचीच नसतात. दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधायची. अ‍ॅनुबियासचा आडवा कंद मातीत पुरला तर सडतो. उजेड कमी चालतो, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लागत नाही. गालिचा होत नाही, पण पुढच्या रांगेत छोटे हिरवे दगड फार झकास दिसतात. आणि घर बदलताना दगडासकट उचलायची!

ड्वार्फ सॅजिटेरिया : पाणी कडक असेल तर पहिली पसंती हिची. धागे सोडत पसरते. फक्त कधी कधी हात-पाय जास्त पसरून वीतभर वाढते, तेव्हा जागा थोडी मोठी हवी.

मार्सिलिया : हा खरं तर नेचा. आपल्याकडच्या भातखाचरात चार पानांच्या फुलीसारखी उगवते ना, तिचे हे भाऊबंद. पाण्याखाली मात्र बहुतेकदा एकेकच गोल पान काढते. हळू वाढते, पण कापाकापी जवळजवळ नाही. आळशी माणसाचा गालिचा.

क्रिप्टोकोराइन पार्वा : श्रीलंकेची. त्या कुळातली सगळ्यात बुटकी आणि सगळ्यात संथ. गालिचा व्हायला वर्ष धरून चला. स्वतःच्या घरात राहणाऱ्यांनीच हिच्या नादी लागावं. नव्या पाण्यात टाकल्यावर क्रिप्टची पानं वितळल्यासारखी गळतात, तेव्हा झाड मेलं समजून उपटू नका. मुळं शाबूत असतील तर महिनाभरात नवी पानं येतात.

हेअरग्रास : लव्हाळ्याच्या कुळातलं बारीक गवत. मध्यम उजेड मिळाला तर सिलिंडरशिवायही चालतं, दिला तर पळतं. न्हाव्याने मशीन मारावी तसं महिन्यातून एकदा दोन सेंटिमीटरवर सपाट कापायचं. कापलं की वर जायचं सोडून बाजूला पसरतं. माझ्या टँकमध्ये हेच आहे.

मॉन्टे कार्लो : कॅसिनोवालं नव्हे, अर्जेंटिनातल्या मॉन्टेकार्लो गावावरून पडलेलं नाव. गोल, पोपटी पानं. चांगला उजेड आणि कार्बन डायऑक्साइड असेल तर दोन-तीन महिन्यांत तळ झाकून टाकतं.

क्युबा : पूर्ण नाव हेमिअँथस कॅलिट्रिकॉइडिस. नाव लांब, पान जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचं. फोटोत जे बघून तुम्ही वेडे होता ते बहुतेकदा हेच. कडक उजेड, मोजून गॅस, गार पाणी आणि वेळच्या वेळी कापणी. नाइट शिफ्ट करणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये. कापायचं राहिलं तर खालचा थर उजेडाविना कुजतो आणि एके दिवशी अख्खा गालिचा सतरंजीसारखा वर तरंगतो.

समुद्राची रेती? चुकूनही नको!

पिरवाडीच्या किनाऱ्यावर रेती फुकट आहे, मान्य. पण त्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तो हळूहळू विरघळतो आणि धरणाचं चांगलं मऊ पाणी कडक करून ठेवतो. कुठलाही दगड किंवा रेती घेताना सोपी टेस्ट करा. वर दोन थेंब व्हिनेगर टाका. फेस आला की समजा, नको ते आहे.

रायगडात फुकट मिळणारी चांगली गोष्ट म्हणजे काळा बसाल्ट. तो पाण्याशी काही उद्योग करत नाही आणि हिरवळीवर उठून दिसतो. दगड स्वच्छ घासा, उकळत्या पाण्याने धुवा. जांभ्याचीही गंमत ऐका. कोकणात घरं बांधायचा हा दगड लोहाने भरलेला. परदेशातले हौशी लोक झाडांना लोह मिळावं म्हणून वाळूच्या थराखाली त्याचा चुरा घालायचे. आपल्या आजोबांच्या घराची भिंत म्हणजे त्यांचं खत!

तळाला अ‍ॅक्वासॉइल घाला. मातीचे भाजलेले दाणे असतात, खत त्यातच. पुढे चार-पाच सेंटिमीटर, मागे आठ-दहा, असा उतार द्या. टँक खोल वाटतो. बजेट कमी असेल तर कुंडीतली चाळलेली, शेणखत न घातलेली माती दोन-तीन सेंटिमीटर आणि तिच्यावर बारीक वाळूचा थर. अमेरिकेच्या डायना वॉल्स्टॅड यांनी १९९९ च्या पुस्तकात हीच साधी पद्धत शास्त्र सांगून मांडली. अशा टँकला गॅसचा सिलिंडर लागत नाही, कारण मातीतले जीवाणू सेंद्रिय पदार्थ कुजवताना कार्बन डायऑक्साइड सोडत राहतात.

उजेड, गॅस आणि मे महिना

दिवा किती तासांचा? सुरुवातीला सहा, मग आठपर्यंत. दहा तास दिवा लावला की झाडं नाही, शेवाळ खूश होतं. मध्यम झाडांना लिटरमागे २० ते ४० ल्युमेन धरा. म्हणजे दोन फुटी टँकला हजार ते दोन हजार. टायमरचा प्लग आधी घ्या, मासे नंतर. झाडाला सकाळ-संध्याकाळ कळत नाही, नेम कळतो. रात्री आठला घरी येणाऱ्याने दिवा दुपारी चार ते रात्री दहा ठेवावा. रात्रपाळीवाल्याने सकाळी सात ते दुपारी एक. तुम्ही घरी आलात आणि टँकमध्ये काळोख, मग उपयोग काय?

गॅस सोडत असाल तर प्रमाण लिटरला २० ते ३० मिलिग्रॅम. ते बघायला काचेचा ड्रॉप चेकर मिळतो. निळा म्हणजे कमी, हिरवा म्हणजे बरोबर, पिवळा म्हणजे जास्त. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले तर ड्रॉप चेकर बघत बसू नका, आधी गॅस बंद करा आणि पाणी ढवळा. गॅस दिवा लागायच्या तासभर आधी सुरू, बंद व्हायच्या तासभर आधी बंद. रात्री अजिबात नाही, कारण अंधारात झाडंही ऑक्सिजनच वापरतात.

आता कोकणातल्या मुलामुलींचं खरं टेन्शन : उकाडा. पाणी जितकं गरम तितका त्यात कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन कमी विरघळतो. क्युबासारख्यांना २०-२६ अंश आवडतात आणि मे महिन्यात आपल्या टँकचं पाणी सहज ३० च्या वर जातं. पृष्ठभागावर छोटा पंखा लावला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, असं पुण्याची मंडळी सांगतात. पुण्यात ठीक. आपल्याकडे हवेत आधीच इतका दमटपणा की पंख्याचा जोर कमी पडतो. म्हणून किनाऱ्यावर राहणाऱ्याने उकाडा सोसणारीच झाडं निवडावीत : क्रिप्ट, सॅजिटेरिया, मार्सिलिया, हेअरग्रास. आणि टँक पश्चिमेच्या खिडकीपासून लांब.

लावायचं कसं?

रोपं शक्यतो टिश्यू कल्चरच्या कपातली घ्या. गोगलगाय नाही, शेवाळ नाही, कीटकनाशक नाही. कप साधारण दोनशे ते चारशे रुपयांना पडतो. दोन फुटी टँकच्या पुढच्या पट्ट्याला तीन-चार पुरतात. क्रॉफर्ड मार्केटला दुकानं आहेत, कुर्ल्याच्या बाजारात रविवारी सकाळी गर्दी असते. येताना मी भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच पकडतो. बाइकला अटल सेतूवर परवानगी नाही आणि लाँचमध्ये पिशवी सावलीत मांडीवर ठेवता येते.

कपातली जेली साध्या पाण्यात पूर्ण धुवा. रोपाचे एक-दोन सेंटिमीटरचे पुंजके करा. लांब चिमट्याने दोन-तीन सेंटिमीटरच्या अंतरावर खोचा. सगळं एकत्र, केकच्या तुकड्यासारखं ठेवू नका. भाताची लावणी बघितली आहे ना? तसंच, रांगेत आणि मोकळं.

पहिल्या आठवड्यात रोज अर्धं पाणी बदला, दुसऱ्यात दिवसाआड, तिसऱ्यात दोनदा, मग आठवड्यातून एकदा. नव्या अ‍ॅक्वासॉइलमधून अमोनिया सुटतो म्हणून ही मेहनत. नळाचं पाणी क्लोरीन जाण्यासाठी एक दिवस बादलीत ठेवा किंवा अँटिक्लोरीन वापरा. काढलेलं पाणी फेकू नका. उन्हाळ्यात पाणीकपात असते, ते कुंड्यांना घाला. मासे महिना-दीड महिन्याने, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्यावर. तोवर फिल्टर चालू ठेवून पृष्ठभाग हलता ठेवा, नाहीतर डास अंडी घालतील. आणि मासे छोटेच. गोल्डफिश आणि ‘लकी’ फ्लॉवरहॉर्न गालिच्यावर नांगर फिरवतात.

अकरा महिन्यांनंतर...

पाच वर्षांत मी दोनदा घर बदललं. दोन्ही वेळा हिरवळ बरोबर आली. भरलेला टँक ७० किलोच्या आसपास जातो, तो भरलेला कधीच उचलायचा नाही. काच उसवते. मासे आणि फिल्टरचा स्पंज जुन्या पाण्यात, झाकणाच्या बादलीत. हेअरग्रासचे मुळांसकट तळहाताएवढे चौकोन कापायचे, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळायचे, पिशवीत बंद करायचे. दोन दिवस सहज टिकतात. नव्या घरी परत अंथरायचे. पंधरा दिवसांत शिवण दिसत नाही.

दुसऱ्या वेळी मालकाने तीन आठवड्यांची नोटीस दिली होती. सामान होतं दोन बॅगा, गादी, गॅस आणि ही पेटी. गावाहून आईने फोनवर विचारलं, ‘तिथे तुझं काही रुजलंय का रे?’ तिला लग्नाबद्दल विचारायचं होतं, हे मला कळलं. मी म्हटलं, ‘हो, गवत रुजलंय. ते उपटून नेतोय बरोबर.’ ती हसली. पण खरं सांगू? नव्या फ्लॅटमध्ये पहिल्या रात्री फक्त ती पेटी ओळखीची होती.

टाकायचं कुठे?

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी. कापलेलं, नको झालेलं झाड नाल्यात, तळ्यात, खाडीत टाकू नका. जलपर्णी आपल्याकडे आली ती शोभेचं झाड म्हणून. आज गावोगावच्या तळ्यांवर तिचं राज्य आहे. २०२० साली केरळात कोझिकोड जिल्ह्यातल्या आवळपांडीचा ओढा गुलाबी फुलांनी भरला, लोक सेल्फी काढायला धावले. ती फुलं होती कॅबोम्बाची. दक्षिण अमेरिकेची, अ‍ॅक्वेरियमच्या हौसेतून पसरलेली वनस्पती. दिसायला सुंदर, पण तिच्याखाली स्थानिक झाडं गुदमरतात.

आमच्या बंदरात प्लांट क्वारंटाइनचं ऑफिस आहे. २००३ च्या नियमांनुसार परदेशी रोपाला परमिट लागतं, त्या देशाचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट लागतं आणि रोपाबरोबर माती आणायला तर बंदीच आहे. पार्ट्या वैतागतात, ‘एवढ्याशा रोपाला एवढे कागद?’ मी त्यांना आता जलपर्णीची गोष्ट सांगतो. सरकार दारात अडवतं आणि आपण बादलीने नाल्यात ओततो, हे बरं नव्हे. कापलेलं गवत उन्हात पूर्ण वाळवा आणि कचऱ्यात टाका. किंवा मित्राला द्या.

उलटंही तितकंच खरं. कासच्या पठारावर जांभळी ‘सीतेची आसवं’ फुलते. ती युट्रिक्युलॅरिया, बारीक किडे पकडून खाणारी. तिचीच एक बहीण, युट्रिक्युलॅरिया ग्रॅमिनिफोलिया, अ‍ॅक्वेरियममध्ये गालिचा म्हणून लावतात. म्हणून कुणी पठारावरून उपटून आणायची नसते. कोकणातल्या ओढ्यांत आपल्या स्वतःच्या क्रिप्टोकोराइनच्या जाती आहेत. त्यातली कॉग्नाटा तर महाराष्ट्राबाहेर कुठेच नाही. ती ओढ्यातच बघायची, पावसाळ्यानंतर, गुडघाभर पाण्यात उभं राहून. टँकसाठी लॅबमध्ये वाढवलेला कप आहेच.

तर मंडळी, या रविवारी मॉलमध्ये चक्कर मारण्याऐवजी एक चिमटा, एक टायमर आणि हेअरग्रासचे तीन कप घेऊन या. तीन महिन्यांनी ऑफिसातून थकून याल तेव्हा दाराशी कुणी उभं असेल-नसेल, तळाशी हिरवळ मात्र असेल. आणि ट्रान्स्फर आली तर गुंडाळून न्या. वर्तमानपत्र आजचंच चालेल!